ट्विल की रीव्ह

एरी, पेनसिल्व्हेनिया
२३ ऑक्टोबर १९९६

कॅझ,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. दचक. मी तुला माफ केलंय असा अर्थ काढू नकोस, तसं काही झालेलं नाही. मी लिहितोय हे जनेटला माहीत नाही आणि माहीत होऊ द्यायचंही नाही. उत्तर द्यायचं असेल तर ओबरमनच्या कॉमिक्सच्या दुकानाच्या पत्त्यावर दे. फ्लॉइड ओबरमन आधी कुरकुरला, "माझं दुकान आहे, पोस्ट ऑफिस नाही," पण ठेवेल.

लिहायचं कारण असं की आज बुधवार, नवे अंक आले, आणि 'ग्रे हेरन' पुढच्या महिन्यापासून पुन्हा हायरम ट्विल लिहिणार आहे. हो, तोच म्हातारा. कंपनीने आत्ताच्या लेखकाला, कॉलम रीव्हला, काढलं. फ्लॉइडने ही बातमी काउंटरवर ठेवली आणि दुकानात जुंपली. लामार आठवतो ना, पोस्टमन? तो टपाल वाटून थेट आला होता, बुटांचा चिखलसुद्धा न झटकता.

तो म्हणाला, "ट्विलची माणसं श्वास घ्यायला थांबत नाहीत. हेरन बाराव्या मजल्यावरून पडतोय, आणि पडता पडता त्याचं आईवर बोलून होतं, शहरावर बोलून होतं, कर्तव्यावर बोलून होतं. जमीन काही येत नाही!"

फ्लॉइड म्हणाला, "पण पडताना तुला काळजी वाटते की नाही?"

"वाटते ना. हा कधी गप्प बसेल याची."

सगळे हसले. मी ट्विलच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. लामारशी मला भांडायचंच नव्हतं. इतकी वर्षं ट्विलसाठी मी भांडलो ते तुझ्याशी, आपल्या खोलीतल्या दोन पलंगांच्या मधल्या फटीतून, आई भिंतीवर झाडू आपटेपर्यंत. ती सवय कुठे ठेवायची हे मला कळत नाही. म्हणून हे पत्र.

अट एकच. फक्त कॉमिक्स. घरचं नाही, कोर्टाचं नाही. गाडी तू चालवत होतास आणि तू प्यायला होतास, हे न्यायाधीशाने सांगून झालंय, आता पुन्हा कोणी सांगायला नको. माझ्या मुलीचं नाव लिहायचं नाही. आणि माफी मागायची नाही. पत्रात कुठेही माफीचा शब्द दिसला तर ते पत्र फाडून टाकीन आणि पुन्हा लिहिणार नाही.

तुरुंगात फक्त दुकानातून थेट पाठवलेले नवे अंक घेतात म्हणे. फ्लॉइड पाठवेल. ट्विलचा पहिला अंक वाच आणि काय वाटलं ते लिही. भीड ठेवू नकोस.

नॉर्बर्ट


११ डिसेंबर १९९६

कॅझ,

तुझं पत्र फ्लॉइडने गल्ल्यामागून असं काढून दिलं की जणू चोरीचा माल. वाचलं. मग व्हॅनमध्ये बसून पुन्हा वाचलं.

तिथले पहारेकरी अंकातल्या स्टेपलच्या पिना काढून घेतात हे मला माहीत नव्हतं. सुटी पानं तुझ्या पलंगावरून उडाली, तू ती उलटसुलट लावून वाचलीस आणि तरी गोष्ट कळली, असं तू लिहितोस. आणि वर विचारतोस, हा ट्विलचा गुण की दोष? गुण आहे, गाढवा! त्याचं कुठलंही पान उचल, माणूस ओळखू येतो. हेरनला सर्दी झालीय, तरी तो बंदरावर गस्तीला जातोय, नाक पुसत. रीव्हच्या हेरनला नाक होतं का कधी? जबडा तेवढा होता.

पण तू पुढे जे लिहिलंस त्यावर माझा विश्वास बसेना. रीव्हचे जुने अंक पाठवू नकोस, मला तो वाचवत नाही, असं तू म्हणतोस. तू? ज्याने स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत फादर स्टॅनशी रीव्हवरून वाद घातला तो? "रीव्ह चित्रकाराला एक रिकामी खुर्ची काढायला लावतो आणि गप्प बसतो, त्यात सगळं येतं," हे तू मला शंभरदा ऐकवलंस. आणि आता लिहितोस, रीव्हच्या गोष्टीत कोणीतरी मरतं आणि पुढे वर्षभर हेरन एकटा पावसात उभा, गोष्ट सगळी त्याच्या दुःखाची, मेलेल्याला तिथे काही कामच नसतं.

दोष बरोबर पकडलायस. पण मी सध्या रीव्हच वाचतोय, ऐक. थंडी पडली, शहरभर घरं तापवायच्या भट्ट्या बंद पडतायत, दुरुस्तीला मला दिवसाला पाच-सहा तळघरं होतात. भट्टी पेटवली की ती नीट धरतेय का हे बघायला थोडा वेळ थांबावंच लागतं. तेवढ्यात मी उलट्या बादलीवर बसून रीव्हची आठ-दहा पानं वाचतो. त्या रिकाम्या खुर्च्या मला आता दिसतात. आधी दिसत नव्हत्या. मी म्हणायचो, चित्रकाराचे पैसे वाचवायची युक्ती आहे.

म्हणजे आपण बाजू बदलल्या की काय?

बुधवारी मी बोलिंगला जातो असं जनेटला सांगितलंय. चेंडू व्हॅनमध्ये मागे ठेवलाय, प्रत्येक वळणावर गडगडत जाऊन हत्यारांच्या पेटीवर आदळतो.

फ्लॉइडच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नावाचे कप्पे आहेत ना, त्यातला लिडियाचा कप्पा त्याने अजून काढलेला नाही. नावाची पट्टी तशीच आहे. मी काढ म्हणालो नाही आणि त्याने विचारलं नाही. हे मी लिहिलं. तू लिहायचं नाहीस.

नॉर्बर्ट


१९ मार्च १९९७

कॅझ,

तू तिचं नाव लिहिलंस. मी पत्र फाडायला घेतलं होतं. वरचा कोपरा फाटलाही आहे, तो आता चिकटपट्टीने लावलाय.

फाडलं नाही, कारण तू ते रविवारच्या जेवणाचं लिहिलंस. मीही तेच आठवत होतो, पण माझ्या आठवणीत तू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होतास. जनेटने पेरोगी केले होते. आपलं नेहमीचं चाललं होतं, मी ट्विल, तू रीव्ह. लिडिया तेव्हा तेरा-एक वर्षांची. तिने काटा खाली ठेवला.

"बाबा, तुमच्या ट्विलच्या बायका बेशुद्ध पडतात. कॅझकाका, तुमच्या रीव्हच्या बायका मरतात. मधल्या वेळात कोणी त्यांना काही काम देईल का?"

तू म्हणालास, "हेरनची बहीण आहे की. मेव्ह. तिला रीव्हने बोटीची कप्तान केलंय."

"थांबा, मारेल तिलाही."

आणि शेगडीपाशी उभी असलेली जनेट न वळता म्हणाली, "आणि मला कोण काम देतंय ते बघा. ताटं उचला तिघंही."

रीव्हने मेव्हला मारलंच, पुढच्याच वर्षी. आठ पानं, एकही शब्द नाही, नुसतं बंदर आणि बर्फ. तू लिडियाला पैजेचं आइस्क्रीम घेऊन दिलंस.

आता ऐक काय झालं ते. ट्विलच्या परवाच्या अंकात शेवटच्या चौकटीत बर्फावर पावलं उमटलेली दिसतात. बायकी बुटांची. म्हातारा मेव्हला परत आणणार, कोणीही सांगेल. आज दुकानात आरडाओरड. लामार सगळ्यांत पुढे.

"ही चोरी आहे चोरी! रीव्हची ती आठ पानं आम्ही रडत वाचली. मेलेलं माणूस मेलेलंच राहिलं पाहिजे. नाहीतर मग रडायचं कशाला? ट्विलला शेवट सोसतच नाही, हाच त्याचा रोग आहे. त्याच्याकडे कोणी मेलं की समजायचं, सुट्टीवर गेलंय."

मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं."

मी ट्विलचा माणूस, म्हणून सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मग लामारला आठवलं तो कोणापुढे बोलतोय. त्याने टोपी काढली, कॅझ. कॉमिक्सवर बोलता बोलता माणसाने टोपी काढली आणि बुटांकडे बघत उभा राहिला. फ्लॉइडने रेडिओचा आवाज कमी केला.

मी ओरडलो, "टोपी घाल! घाल म्हणतो ना. भांड पुढे!"

त्याने घातली. पण भांडण काही पुन्हा उभं राहिलं नाही. प्रत्येकाला घरी काम निघालं. मी बाहेर आलो आणि व्हॅनमध्ये बसून राहिलो, काच गोठेपर्यंत.

ती एकच जागा होती जिथे मला लोक मुलीचा बाप म्हणून नव्हे, ट्विलवाला म्हणून ओळखायचे. तीही गेली.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदात तू जे म्हणायला निघाला होतास ते मी ओळखलं. अट लक्षात आहे म्हणून थांबलास. थांबलास तेच बरं केलंस.

नॉर्बर्ट


१३ ऑगस्ट १९९७

कॅझ,

अंक तुला मिळाला असेल. नसेल मिळाला तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तो वाच.

मेव्ह परत आली. मी कंबर कसून बसलो होतो की ट्विल आता चार पानं भाषण देईल, ती कशी वाचली, कुठल्या कोळ्याने तिला बाहेर काढलं, कुठल्या डॉक्टरने जगवलं. काही नाही. हेरन सकाळी स्वयंपाकघरात येतो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी आहे, त्याचा जुना स्वेटर घालून. म्हणते, "लोणी कुठे ठेवलंस?" आणि तो उत्तर देत नाही, कपाट उघडून देतो.

बस्स. आयुष्यभर बडबडलेल्या म्हाताऱ्याला नेमकं इथे गप्प बसता आलं.

मी ते पीच स्ट्रीटवरच्या एका घराबाहेर व्हॅनमध्ये वाचलं. घराची मालकीण शेवटी बाहेर येऊन काचेवर टकटक करायला लागली, "मिस्टर, गरम पाणी नाहीये हो घरात." मी अंक फाडला. तिच्यासमोर, उभे दोन तुकडे. ती घाबरून आत गेली. संध्याकाळी दुकानात जाऊन दुसरी प्रत घेतली. 

तू म्हणशील, यात दोष काय? दोष हा की हे खोटं आहे आणि उत्तम लिहिलंय. वाईट लिहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. आता रोज सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात थांबतो.

दुसरी गोष्ट. जनेटला कळलं. आमच्या गल्लीतलं टपाल लामार टाकतो, तो तिला पायरीवर भेटला आणि म्हणाला, "नॉर्बला सांगा, शिव्या दिल्या तरी हेरन मी घेतलाच." ती म्हणाली, "नॉर्ब कॉमिक्स वाचत नाही आता." लामारने टपाल तिच्या हातात कोंबलं आणि निघाला.

मी घरी आलो तर ती टेबलाशी बसली होती, शाळेच्या खानावळीतला पांढरा डगला अजून अंगावर.

"बुधवारी कुठे असतोस?"

मी सांगितलं. एकातून दुसरं निघालं, तुझं नावही निघालं.

"कधीपासून?"

"गेल्या ऑक्टोबरपासून."

"काय लिहितोस त्याला?"

"कॉमिक्सबद्दल. कोण चांगला लिहितो, कोण वाईट."

ती हसली. खरं हसू होतं ते, सुरुवातीला. नंतर थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. म्हणाली, "त्या कागदी बाईचं मरण बरोबर झालं की चूक, यावर तुम्ही दोघं वर्षभर पत्रं लिहिता. माझ्या पोरीबद्दल या घरात कोणी एक वाक्य बोलत नाही. भांडायचं तर तिच्याबद्दल भांडा ना रे. माझ्याशी भांड."

मला भांडता आलं नाही. आता ती वरच्या खोलीत झोपते.

नॉर्बर्ट


४ फेब्रुवारी १९९८

कॅझ,

उत्तराला उशीर केला, कारण तू जे मागितलंस त्यावर काय लिहावं ते मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

तुला लवकर सोडायचं की नाही याबद्दल पॅरोल बोर्डाचा कागद आमच्याकडेही आलाय. मुलीचे आईवडील म्हणून आम्हाला बोलायचा हक्क आहे म्हणे. बोर्डाचा माणूस इथे शहरात येऊन ऐकून घेणार. जनेट जाणार आहे आणि ती काय बोलेल हे तुला सांगायला नको. तू म्हणतोस, नॉर्ब, तू माझ्या बाजूने बोल, तुझ्या शब्दाला वजन आहे. मी भट्टीवाला आहे. माझ्या शब्दाला वजन एवढंच की मी तिचा बाप आहे. आणि ते वजन तुझ्या पारड्यात टाकायला सांगतोस.

मी बोलणार नाही असं म्हणत नाही. बोलेन असंही म्हणत नाही.

दुकानाचं सांगतो. फ्लॉइड ईस्टरला दुकान बंद करतोय. कॉमिक्स कोणी घेत नाही आता. मधे लोकांनी श्रीमंत होण्यासाठी खोक्यांनी घेऊन ठेवली, ती आता कुत्रं हुंगत नाही. त्यातच ट्विल आजारी पडला, 'हेरन' कोणीतरी नवीन पोरगा लिहितोय. लामार म्हणाला, "याच्यात ट्विलचे दोष आहेत आणि रीव्हचेही, गुण कोणाचेच नाहीत." त्यावर कोणी वाद घातला नाही. आम्ही तिघंच होतो, त्यात एक स्टोव्हपाशी ऊब घ्यायला आलेला.

यापुढे घरच्या पत्त्यावर लिही. लपवण्यासारखं काही उरलं नाही.

नॉर्बर्ट


२९ एप्रिल १९९८

कॅझ,

निकाल तुला आमच्याआधी कळला असणार. तरी खोलीत काय झालं ते तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

जनेट आधी बोलली. कागद नव्हता हातात. लिडिया सकाळी केस विंचरताना कशी गुणगुणायची, कुठल्या पायरीवर अडखळायची, एवढंच सांगितलं. तुझं नाव तिने एकदाही घेतलं नाही. मग तो माणूस माझ्याकडे वळला. सभ्य माणूस होता, खोकल्याची गोळी चघळत होता.

मी तुझ्या बाजूने बोलायचं ठरवून गेलो होतो. हे तू मान किंवा मानू नकोस. गाडीत वाक्यं जुळवली होती. दारू सोडायचं तुझं तिथलं शिक्षण, तू सुतारकामात लागलास ते, सगळं.

त्याने विचारलं, "तुमचा पत्रव्यवहार आहे असं कैद्याने कळवलंय. घडल्या गोष्टीचा पश्चात्ताप त्याच्या पत्रांतून दिसतो का?"

मी म्हणालो, "आम्ही कॉमिक्सबद्दल लिहितो."

"फक्त?"

"फक्त."

"दीड वर्ष?"

"हो."

"एकदाही क्षमा मागितली नाही?"

जनेट माझ्याकडे बघत होती. मला म्हणायचं होतं की मीच मनाई केली होती.  पण ते बोललो असतो तर तिला कळलं असतं की तू क्षमा मागितली असतीस आणि मी ती तिच्यापर्यंत पोचू दिली नाही. मी म्हणालो, "नाही." त्याने लिहून घेतलं. मग माझी बाकीची वाक्यं मी बोललो, दारूचं शिक्षण आणि सुतारकाम, पण तो आता गोळीचा कागद घडी घालत होता.

कागदावर तुझ्या नकाराचं कारण 'पश्चात्तापाचा अभाव' असं आलंय. ते कारण माझं आहे. मी बोर्डाला लिहिलं, सगळं खरं खरं. उत्तर आलं की पुढच्या सुनावणीत विचार होईल.

घरी येताना मी जनेटला अटीचं सांगितलं.  ती म्हणाली, "मी ती माफी वाचली असती." एवढंच.

आता एक मागणं आहे, आणि ते माझं नाही, तिचं आहे. पोलिसांनी दिलेली लिडियाच्या वस्तूंची पिशवी इतकी वर्षं न उघडता कपाटात होती. परवा तिने उघडली. त्यात क्लीव्हलंडच्या त्या दिवशीच्या कॉमिक्स-मेळाव्यातला अंक आहे, मेव्हच्या मरणाचा, तुम्ही दोघं रीव्हची सही घ्यायला गेला होतात तो. रीव्हने लिहिलंय, "लिडियाला, तिच्या प्रश्नाबद्दल आभार. आता मला घरी जाऊन विचार करावा लागेल." आणि सही.

जनेटला तो प्रश्न हवाय. पोरीने त्या माणसाला काय विचारलं? तू तिच्याबरोबर होतास. तुझ्याशिवाय कोणाला माहीत असणार? अट मोडली, कॅझ. आता हवं ते लिही, हवी तेवढी माफी माग. पण आधी तो प्रश्न लिही. तिच्याच शब्दांत, जसा आठवेल तसा.

नॉर्बर्ट


१७ जून १९९८

कॅझ,

तुझं पत्र मिळालं.

म्हणजे लिडिया सहीच्या रांगेत होती तेव्हा तू खाली हॉटेलच्या बारमध्ये होतास. रीव्हच्या चार भक्तांबरोबर, रीव्ह किती थोर आहे यावर वाद घालत. ती एकटी रांगेत उभी राहिली, एकटी त्याच्याशी बोलली आणि एकटीनेच खाली येऊन तुला शोधलं. परतताना गाडीत ती तुला तेच सांगत होती, प्रश्न काय, तो काय म्हणाला, सगळं. आणि तू ऐकत नव्हतास. डोळे उघडे ठेवायची धडपड चालली होती. तुला एवढंच आठवतं की ती हसत होती आणि तिचे पाय डॅशबोर्डवर होते.

पुढची दोन पानं माफीची आहेत. ती मी वाचली. फाडली नाहीत.

जनेट रोज टपालाची वाट बघायची. लामारला पायरीवरच गाठायची. पत्र आलं त्या दिवशी ती शाळेत होती, म्हणून माझ्या हाती पडलं. ती आली, तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बसली आणि म्हणाली, "सांग."

मला ते सांगता येईना, कॅझ. तू ऐकत नव्हतास, हे शब्द तिच्या तोंडावर कसे टाकू? म्हणून मी तिथल्या तिथे रचलं. मी म्हणालो, लिडियाने विचारलं की मिस्टर रीव्ह, तुम्ही मेव्हला बोटीची कप्तान केलंत, तिला दर्या दिलात, माणसं दिलीत, आणि मग फक्त तिच्या भावाला रडता यावं म्हणून तिला बुडवलंत, तर तिच्या बोटीवरच्या माणसांचं काय झालं, त्यांना कोणी घरी नेलं, त्यांच्यासाठी कोण रडलं, हा विचार तुम्ही केलात का? चांगला जमला असं मला वाटलं. 

जनेट शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "हे तुझं आहे."

"नाही गं, त्याने लिहिलंय—"

"नॉर्ब. लिडिया एवढं लांब कधी बोलली? तिचा प्रश्न तीन-चार शब्दांत संपायचा आणि समोरचा अर्धा तास उत्तर देत बसायचा. हे तिचं नाही. दे इकडे."

मी पत्र दिलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, माफीसकट.  मागे जाऊन पुन्हा तेच पान काढलं, गाडीतलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

"हसत होती म्हणतो."

"हो."

"हे खरं आहे? का त्यानेही तुझ्यासारखं माझ्यासाठी रचलंय? तू त्याचा भाऊ आहेस. तुला कळत असेल."

कॅझ, लहानपणापासून मी तुझी प्रत्येक थाप ओळखत आलोय. खिडकीची काच कोणी फोडली, आईच्या पाकिटातून नाणी कोणी काढली, मला तुझ्या पहिल्या शब्दातच कळायचं. ती ओळ मी कितीदा वाचली. मला कळत नाही. कदाचित तुलाही कळत नसेल.

मी तिला तेच सांगितलं, की मला कळत नाही.

तिने पत्राची घडी घातली आणि उठून भांडी विसळायला घेतली. पाणी बराच वेळ चालू होतं.

रीव्हला लिहून विचारावं असं माझ्या मनात आलं. कंपनीच्या पत्त्यावर लिहिलंही. आठवडाभरात छापील कार्ड आलं, वाचकांच्या प्रेमाबद्दल लेखक आभारी आहे असं. सहीसुद्धा छापील.

बोर्ड पुढच्या वसंतात पुन्हा बसेल. जनेट जाणार आहे, तिने कॅलेंडरवर आत्ताच खूण केलीय. या वेळी ती काय बोलणार ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. गाडी मी चालवेन. मला पुन्हा तेच विचारतील, आणि या वेळी मी हो म्हणेन, पत्रात पश्चात्ताप दिसतो, दोन पानं भरून दिसतो. तो माणूस लिहून घेईल. त्याने काय होईल ते मला ठाऊक नाही. तू घरी यावंस असं मला वाटतं का, हेही मला ठाऊक नाही.

ती ओळ मात्र खरी असेल तर पुन्हा एकदा लिहून पाठव. खोटी असेल तर गप्प राहा.

नॉर्बर्ट